अनरिअल शिकू की ल्युमियन? इमारती दाखवण्याच्या कामात नवीन येणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

घोडबंदर रोडला किंवा तिकडे खारघर-उलवे-पनवेल पट्ट्यात कुठल्याही मोठ्या प्रोजेक्टच्या सेल्स ऑफिसात गेलात की भिंतीवर मोठा स्क्रीन असतो आणि त्यावर पायासुद्धा न खणलेली इमारत फिरत असते. ते काम करणारी पोरं-पोरी बहुतेक आपल्याच आजूबाजूची, कोणी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला, कोणी इंटिरियर डिप्लोमा केलेली, कोणी सिव्हिलचा ड्राफ्ट्समन ज्याला ऑटोकॅडच्या पुढे जायचंय, आणि या सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: अनरिअल शिकू की ल्युमियन? म्हणजे गेम इंजिन (ज्यावर गेम बनवतात ते सॉफ्टवेअर) की आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशनचं, म्हणजे न बांधलेली इमारत चित्रात दाखवायचं सॉफ्टवेअर?

मी ठाण्यात हेच काम करतो आणि माझं मत स्पष्ट आहे. "जास्त खरं कोणात दिसतं" हे बघून निवडू नका, कारण आता चांगल्या हातात पडलं तर सगळ्यांतच खरं दिसतं. शेवटी क्लायंटच्या हातात काय ठेवायचंय आणि क्लायंट ते नुसतं बघणार आहे की त्यात स्वतः काही करणार आहे, एवढं बघा. नुसतं बघणार असेल तर व्हिज्युअलायझेशन सॉफ्टवेअर, स्वतः फिरणार-बदलणार असेल तर इंजिन. खाली जे सगळं लिहिलंय ते यातूनच निघतं.

आधी तीन घरं ओळखून घ्या

लोक दोनच प्रकार धरतात, पण खरं तर तीन आहेत.

पहिले जुने-जाणते रेंडरर, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून चित्र काढून देणारे: व्ही-रे, कोरोना, ब्लेंडरमधलं सायकल्स. हे प्रकाशाचे किरण कसे उड्या मारत जातील ते शांतपणे मोजत बसतात, एका फोटोला मिनिटं लागतील नाहीतर तास, पण फोटो निघतो तो बघत राहावा असा. दुसरे झटपट चालणारे, खास इमारतींसाठी बनवलेले: ल्युमियन, एन्स्केप, डी-फाइव्ह रेंडर, ट्विनमोशन. यात मॉडेल आणलं, झाडं टाकली, गाड्या टाकल्या, आकाश फिरवलं की समोरच्या समोर दिसतं. तिसरी गेम इंजिनं: अनरिअल, युनिटी, आणि पूर्ण मोफत हवं असेल तर गोडो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या घरातली भिंत फार पातळ आहे हे लक्षात ठेवा. ट्विनमोशन २०१९ मध्ये एपिक गेम्सने विकत घेतलं, म्हणजे अनरिअल ज्यांचं आहे त्यांनीच, आणि ते आतून अनरिअलवरच चालतं. तुम्ही ट्विनमोशनमध्ये स्लायडर सरकवता तेव्हा पडद्यामागे इंजिनच पळत असतं, फक्त त्याची हजार बटणं लपवून तुमच्यासमोर वीस-पंचवीस ठेवलेली असतात. ती बटणं तुमच्या कामाला पुरतात का एवढाच प्रश्न आहे, आणि बहुतेक कामांना पुरतात.

पायरी १: क्लायंटला काय द्यायचं ते एका ओळीत लिहा

खरंच कागदावर लिहा, कारण क्लायंट बोलताना सगळं एकत्र बोलतो. "मस्त थ्रीडी करून द्या, वॉकथ्रू पण पाहिजे, व्हीआर पण बघू" असं म्हणतो आणि त्याला प्रत्यक्षात चार फोटो आणि व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असा एक मिनिटाचा व्हिडिओ हवा असतो. "वॉकथ्रू" तर जपूनच ऐका, कारण निम्मे लोक त्याला कॅमेरा फिरवलेला व्हिडिओ समजतात आणि निम्मे लोक स्वतः चालत फिरणं समजतात, आणि या दोन कामांच्या मेहनतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून सरळ विचारा, "माऊस तुमच्या हातात असणार की आम्ही बनवलेला व्हिडिओ तुम्ही लावणार?"

फोटो आणि व्हिडिओ असेल तर इंजिनच्या वाटेला जाऊ नका. एकच फोटो ब्रोशरच्या कव्हरवर छापायचा असेल, मोठ्या होर्डिंगवर जायचा असेल, तर व्ही-रे किंवा कोरोना. आठ-दहा व्ह्यू, एक व्हिडिओ आणि आर्किटेक्ट दर दोन दिवसांनी एलिव्हेशन बदलतोय अशी परिस्थिती असेल तर दुसऱ्या घरातलं काहीही. एन्स्केप तर स्केचअप किंवा रेव्हिटच्या आतच बसतं, इकडे भिंत सरकवली की तिकडे चित्रात सरकलेली दिसते, आणि महापालिकेच्या मंजुरीनंतर प्लॅन बदलून आला की या सोयीची किंमत कळते.

आता इंजिन कधी? समजा सेल्स ऑफिसात एक जोडपं बसलंय, टू बीएचके बघतायत, सेल्सवाला स्क्रीनवर फ्लॅट फिरवून दाखवतोय आणि बाई विचारतात, "दादा, ओट्याला काळा ग्रॅनाइट घेतला तर किचन अंधारं नाही ना वाटणार?" त्या क्षणी सेल्सवाल्याने ओट्यावर बोट ठेवलं, ओटा काळा झाला, मग खिडकीबाहेर संध्याकाळ केली, दिवा लावला, आणि त्या स्वतः किचनमध्ये चालत जाऊन उभ्या राहिल्या, हे इंजिनचं काम आहे. सोळाव्या मजल्यावरचा फ्लॅट निवडला की खिडकीत येऊरचा डोंगर आणि तिसऱ्या मजल्यावरचा निवडला की समोरचं पार्किंग, हेही इंजिनचंच. थोडक्यात, "जर असं केलं तर तसं होईल" असं वाक्य क्लायंटच्या मागणीत आलं की इंजिन.

मधली एक गोष्ट बरेचजण विसरतात ती म्हणजे पॅनोरमा. खोलीच्या मधोमध उभं राहून सगळीकडे बघता आलं, पुढच्या खोलीवर टॅप केलं की तिथे पोचलं, एवढंच हवं असेल तर दुसऱ्या घरातलं सॉफ्टवेअर ३६० अंशांचे फोटो काढून देतं, ते साध्या मोबाईलवर चालतात. "स्वतः फिरायचंय" म्हणणाऱ्या कित्येक क्लायंटचं समाधान यातच होतं. आधी हे दाखवा आणि पुरलं नाही तरच इंजिनबद्दल बोला.

पायरी २: वेळेचं गणित स्वतः करून बघा

हे गणित सोपं आहे पण नवीन माणूस करत नाही. ३० सेकंदांचा व्हिडिओ, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ९०० चित्रं. एका चित्राला २ मिनिटं लागली तर १८०० मिनिटं, म्हणजे ३० तास मशीन चालू. ५ मिनिटं लागली तर ७५ तास, तीन दिवसांच्या वर, आणि शेवटी कोणीतरी म्हणणार की सोफ्याचा रंग बदला. तेच झटपट सॉफ्टवेअरमध्ये एका फ्रेमला ४ सेकंद धरले तर तासाभरात काम आटोपतं. म्हणून व्हिडिओसाठी लोक व्ही-रे सोडून ल्युमियनकडे वळले.

इंजिनचं गणित मात्र उलटं चालतं. क्लायंट फिरत असताना चित्र सेकंदाला ६० वेळा काढायचं तर एका चित्राला साधारण १६.६ मिलिसेकंद मिळतात. व्हीआर हेडसेटमध्ये, म्हणजे डोळ्यांवर लावायच्या स्क्रीनमध्ये, ९० फ्रेम धरल्या तर ११ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांची चित्रं. व्हिडिओत एखादी फ्रेम जड गेली तर मशीन थोडं जास्त घेईल, कोणाला कळणारही नाही, पण इंजिनमध्ये ती फ्रेम जड गेली की क्लायंटला झटका जाणवतो आणि हेडसेट घातलेला असेल तर गरगरतं. त्यामुळे इंजिनमध्ये काम करणाऱ्याचा निम्मा वेळ सुंदर करण्यात जातो आणि निम्मा हलकं करण्यात, आणि हलकं करणं हे वेगळं कौशल्य आहे जे ल्युमियन तुम्हाला कधी शिकवत नाही.

अनरिअल इंजिनची पाचवी आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आली, त्यात ल्युमेन (प्रकाश तिथल्या तिथे मोजणारं) आणि नॅनाइट (खूप बारकाव्याची मॉडेलं हलकी चालवणारं) आले आणि हे काम पुष्कळ सोपं झालं हे मान्य. आधी प्रकाश बेक करायला, म्हणजे आगाऊ मोजून वस्तूंवर छापून ठेवायला लागायचा, प्रत्येक वस्तूला त्या छापासाठी (लाइटमॅप) वेगळी यूव्ही, म्हणजे वस्तूचा उलगडलेला सपाट नकाशा, मग रात्रभर बेकिंग, मग सकाळी कोपऱ्यात काळे डाग. ल्युमेनमुळे आता खिडकी मोठी केली की खोलीतला उजेड तिथल्या तिथे बदलतो. पण ल्युमेन फुकट नाही, त्याचं भाडं ग्राफिक्स कार्ड भरतं, आणि साध्या मशीनवर किंवा व्हीआरसाठी अजूनही बरेचजण बेक करतात.

पायरी ३: मशीन

ऑफिसचा साधा लॅपटॉप असेल तर ब्लेंडर आणि स्केचअपवर मॉडेलिंग शिका, ते दिवस वाया जात नाहीत. झटपट रेंडरिंग किंवा इंजिन करायचं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच, रे ट्रेसिंगवालं (प्रकाशाचे किरण झटपट मोजणारं) आरटीएक्स घ्या, आणि कार्डाच्या नावातल्या आकड्यापेक्षा त्याची मेमरी बघा. ८ जीबी ही सुरुवात, १२ मिळाली तर फार बरं.

मेमरी का ते सांगतो. ४०९६ बाय ४०९६ चं (म्हणजे ४के) एक टेक्सचर, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र, कॉम्प्रेस न करता ६४ एमबी खातं. इंजिन कॉम्प्रेस करतं तेव्हा ते पाव होऊन १६ वर येतं. आता एका मटेरियलला तीन टेक्सचर, फ्लॅटमध्ये चाळीस मटेरियल, बाहेर झाडं, गाड्या, माणसं. कार्डाची मेमरी भरली की सॉफ्टवेअर आधी हळू होतं आणि मग बंद पडतं. म्हणून उशीच्या खोळीला ४के टेक्सचर लावू नका, ती स्क्रीनवर बोटाएवढी दिसणार असते.

रॅम ३२ जीबी धरा आणि एसएसडीला पर्याय नाही. लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप स्वस्त पडतो आणि मे महिन्याच्या उकाड्यात रात्रभर रेंडर लावला तरी टिकतो, लॅपटॉप गरम झाला की स्वतःचा वेग कमी करतो. पार्ट घ्यायला लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारा, दोन-चार दुकानांत भाव विचारा, बिल आणि वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय निघू नका. मॅकवाल्यांनी एक लक्षात घ्या, ल्युमियन प्रो विंडोजवरच चालतं, ट्विनमोशन आणि ब्लेंडर मॅकवर चालतात.

पायरी ४: लायसन्स, आणि ते आत्ताच बघा

शिकताना क्रॅक टाकायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. मला ती मनापासून खटकते, आणि आज तर तिची गरजच उरलेली नाही. ब्लेंडर कायम मोफत, धंद्यालाही मोफत. डी-फाइव्हची मोफत आवृत्ती आहे. ट्विनमोशन आणि अनरिअल, दोन्ही वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी कमाई असलेल्यांना मोफत, आणि इथला बहुतेक फ्रीलान्सर आणि छोटा स्टुडिओ त्याच्या खूप खाली आहे. त्याच्या वर कमाई असलेल्या आणि गेम न बनवणाऱ्या कंपन्यांना २०२४ पासून अनरिअलसाठी माणशी वर्षाला १८५० डॉलर द्यावे लागतात. गेम बनवून विकलात तर हिशेब वेगळा, १० लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर ५ टक्के रॉयल्टी. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत मिळतात, पण त्यावर पैशाचं काम करायचं नाही ही अट आहे, ती पाळा.

युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे पैसे घेणार असं जाहीर केलं, जगभरच्या डेव्हलपर लोकांनी रान उठवलं आणि वर्षभराने ते मागे घ्यावं लागलं. यातून घ्यायचं ते एवढंच की एका कंपनीच्या बटणांवर सगळं करिअर उभं करू नका, प्रकाश, मटेरियल, कॅमेरा, प्रमाण हे नीट शिका, ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तुमच्याबरोबर येतं.

पायरी ५: एकच छोटा फ्लॅट दोन्हीकडे करून बघा

ही पायरी टाळू नका. व्हिडिओ बघून सॉफ्टवेअर निवडता येत नाही. स्वतःचंच घर घ्या, वन आरके असलं तरी चालेल, उलट बरंच. टेप घेऊन मापं घ्या, भिंतीची जाडी, खिडकीची उंची, मोरीचा उंबरा, ओट्याची खोली, सगळं. आणि स्केचअप किंवा ब्लेंडरमध्ये मॉडेल करा.

मॉडेल करताना तीन सवयी. एक, मापं खरी ठेवा. आपल्याकडे प्लॅन फूट-इंचात बोलतात, कागदावर मिलिमीटर असतात, अनरिअलमध्ये १ युनिट म्हणजे १ सेंटिमीटर आणि युनिटीमध्ये १ युनिट म्हणजे १ मीटर. १० फुटांची भिंत अनरिअलमध्ये ३०४.८ आली पाहिजे. तसं झालं नाही तर तिथेच थांबा, पुढे प्रकाशापासून चालण्यापर्यंत सगळं बिघडतं. दोन, नावं द्या. "ग्रुप ४७" ऐवजी "किचन_ओटा", "हॉल_खिडकी_०१". तीन, एकाच मटेरियलच्या पाच कॉप्या करू नका.

मग हे मॉडेल ट्विनमोशनमध्ये न्या. मटेरियल ओढून लावा, सूर्य फिरवा, दोन-तीन झाडं, एक व्हिडिओ. एका रविवारात होतं. त्यात काय मजा आली आणि कुठे "अरे हे का नाही होत" असं वाटलं ते लिहून ठेवा.

पुढच्या आठवड्यात तेच मॉडेल अनरिअलमध्ये न्या. डेटास्मिथ नावाचा एक्सपोर्टर स्केचअप, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स वगैरेंसाठी मिळतो, फाइल तिथून काढायची आणि इंजिनमध्ये इम्पोर्ट करायची. फर्स्ट पर्सन टेम्प्लेट घेऊन प्ले दाबा. आणि इथे खरा फरक समजेल, कारण पहिल्याच दारात तुम्ही अडकाल.

दाराची चौकट उघडी दिसतेय, पलीकडचं बेडरूम दिसतंय, पण पुढे जाता येत नाही. याची दोन कारणं असतात आणि ती शोधण्यातच इंजिन म्हणजे काय ते कळतं. पहिलं कारण कोलिजन. डोळ्याला दिसणारी भिंत वेगळी आणि धडकायची अदृश्य भिंत वेगळी असते, आणि दाराचं भोक असलेली अख्खी भिंत एकच वस्तू असेल तर इंजिनने आपोआप बनवलेलं साधं कोलिजन त्या भोकावरूनही झाकण घातल्यासारखं जातं. स्टॅटिक मेश, म्हणजे ती भिंतीची वस्तू, उघडून कोलिजनच्या सेटिंगमध्ये "यूज कॉम्प्लेक्स कोलिजन ॲज सिंपल" निवडलं की भोक मोकळं होतं. दुसरं कारण तुम्ही स्वतः, म्हणजे कॅप्सूल. इंजिनमध्ये चालणारा माणूस ही एक उभी कॅप्सूल असते आणि गेमच्या टेम्प्लेटमध्ये ती चांगली जाडजूड असते, काही टेम्प्लेटमध्ये रेडियस ५५ सेंटिमीटर, म्हणजे रुंदी ११०. आपल्या बाथरूमचं दार अडीच फूट, ७६ सेंटिमीटर. कसा जाणार? रेडियस २०-२५ वर आणा, कॅमेरा जमिनीपासून १५०-१६० सेंटिमीटरवर ठेवा, चालण्याचा वेग निम्म्याहून कमी करा कारण टेम्प्लेटमधला माणूस पळत असतो आणि चारशे फुटांच्या घरात पळणारा माणूस दोन सेकंदात बाल्कनीत पोचतो.

हे झालं की एकच काम करा: ओट्यावर क्लिक केलं की त्याचा रंग बदलला पाहिजे. ब्लूप्रिंटमध्ये (अनरिअलची चित्रांतून प्रोग्राम करायची सोय) चौकोन तारांनी जोडून हे होतं, कोड लिहावा लागत नाही, आणि पर्यायांचे संच करायला व्हेरिएंट मॅनेजर म्हणून सोय आहे. पण विचार प्रोग्रामरसारखाच करावा लागतो: क्लिक झालं का, कशावर झालं, ते ओटाच आहे का, आत्ता कुठला रंग आहे, पुढचा कुठला. पहिल्यांदा रंग बदलतो तेव्हा होणारा आनंद वेगळाच असतो. तो तुम्हाला झाला आणि "आता दिवा पण लावू, दार पण उघडू" असं वाटायला लागलं तर इंजिनकडे जा, तुमची जागा तिथे आहे. आणि हे सगळं कटकट वाटलं, डोळा सारखा उशीच्या सुरकुतीकडे आणि भिंतीवर पडलेल्या उन्हाकडे गेला, तर तुम्ही चित्र काढणारे आहात, व्हिज्युअलायझेशनमध्ये उत्तम काम कराल. दोन्हींत कमी-जास्त काही नाही, दोघांनाही इथे काम आहे.

आणि हो, इंजिनमध्ये आयतं काहीच नसतं हे या सरावात कळतं. मेनू तुम्ही बनवायचा, "बाहेर पडा" बटण तुम्ही बनवायचं, माणूस बाल्कनीच्या रेलिंगवरून खाली पडू नये हे तुम्ही बघायचं. म्हणजे तुम्ही ॲप बनवताय, आणि कोटेशन देताना तसाच हिशेब धरा. फोटोच्या भावात इंजिनचं काम घेतलेली पोरं मी बघितलीयत, महिना-महिना घासतात आणि हातात काही उरत नाही, वाईट वाटतं.

पायरी ६: सूर्य ठाण्याचा लावा

हे दोन्हीकडे लागू आहे आणि इथे नवीन माणसाचं काम चटकन ओळखू येतं. स्केचअपच्या टेम्प्लेटमध्ये ठिकाण अमेरिकेतलं बोल्डर धरलेलं असतं, ४० अक्षांशावरचं, तिथे दुपारी सूर्य कायम दक्षिणेला. आपण १९ अंशांवर. ठाण्याचं अक्षांश साधारण १९.२ उत्तर, रेखांश ७२.९७ पूर्व, वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, हे आकडे घाला. मग गंमत बघा: मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस, आणि तिथून जुलै अखेरपर्यंत भर दुपारी तो उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे जूनच्या दुपारी उत्तरेच्या खिडकीच्या कट्ट्यावर ऊन लागू शकतं आणि दक्षिणेच्या बाल्कनीत सावली. डिसेंबरात उलट, दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४७ अंश उंचीवर, दक्षिणेच्या बाल्कनीतून ऊन आत शिरतं.

घर घेणारा माणूस हेच विचारतो, "ऊन किती येतं?" त्याला चुकीच्या शहराचं ऊन दाखवू नका. झाडांचंही तसंच, सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत ओक आणि बर्च ढिगाने असतात, तुम्ही नारळ, आंबा, गुलमोहर, बहावा, सोनचाफा शोधा. उलव्याच्या इमारतीसमोर बर्चची रांग बघितली की मला फार चुकचुकल्यासारखं होतं.

पायरी ७: लेन्स आणि खरेपणा

अनरिअलमध्ये कॅमेऱ्याचा फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी दिसणारा कोन, मुळात ९० अंश असतो, गेमसाठी ते ठीक, पण दहा बाय दहाची बेडरूम त्यात हॉलसारखी दिसते. स्थिर फोटोला २४ ते ३५ एमएम लेन्सच्या आसपास राहा, म्हणजे आडवा कोन साधारण ७४ ते ५४ अंश. क्लायंट कधी कधी "अजून मोठं दाखव" म्हणेल. तेव्हा त्याला नम्रपणे सांगा की रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर प्रमोटरला, म्हणजे बिल्डरला, भरपाई द्यावी लागू शकते. महारेरा, म्हणजे त्या कायद्याचं राज्यातलं प्राधिकरण, १ मे २०१७ पासून आहे, आता ग्राहकही हुशार झालेत. माणसं वीस-वीस वर्षांचं कर्ज काढून ज्या चित्राकडे बघत सही करतात ते चित्र आपण बनवतो. पलंग सहा बाय सव्वासहाचा असतो तो पाच बाय साडेपाचचा करून खोली मोठी दाखवायची नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.

गेम बनवायचेत म्हणून आलेल्यांसाठी

काहीजण इमारतींसाठी आलेलेच नसतात, त्यांना गेमच करायचे असतात आणि घरचे म्हणतात आधी नोकरी बघ. त्यांनी सरळ इंजिन घ्यावं, ल्युमियनमध्ये वर्ष घालवू नये. इमारतींचं इंजिनमधलं काम मिळालं तर आनंदाने करा, लेव्हल डिझाइन, प्रकाश, ऑप्टिमायझेशन हे सगळं तिथे वापरलं जातं. फक्त ॲनिमेशन, गेमचे नियम, आवाज हे तिकडे शिकायला मिळत नाही, ते बाजूला चालू ठेवा.

पायरी ८: दुसरा सराव आणि कामं मागायला जाताना

स्वतःचं घर झालं की एक चांगली वास्तू घ्या. नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला सेक्टर ८ मध्ये चार्ल्स कोरिया यांनी आखलेलं आर्टिस्ट्स व्हिलेज आहे, १९८० च्या दशकातलं. सात घरं मिळून साधारण ८ बाय ८ मीटरचं एक अंगण, असे तीन गट मिळून २१ घरं आणि त्यांचं मोठं अंगण १२ बाय १२ चं, असं ते वाढत जातं. बरीच घरं आता बदललीयत, काही पाडून मोठी बांधलीयत, पण अंगणांची रचना पायी फिरलं की कळते. लोक राहतात तिथे, तेव्हा विचारून फोटो काढा, कोणाच्या दारात कॅमेरा घेऊन उभे राहू नका. हा विषय सरावाला इतका चांगला का, तर त्याचा एक फोटो काढला तर साधी कौलारू घरं दिसतात, आणि इंजिनमध्ये छोट्या अंगणातून मोठ्या अंगणात चालत गेलात की आकार कसा उलगडतो ते जाणवतं. कुठलं काम फोटोचं आणि कुठलं चालण्याचं, हे यातून नीट समजतं.

पोर्टफोलिओत पंचवीस चित्रं टाकू नका. पाच-सहा चांगली, एक छोटा व्हिडिओ, आणि इंजिन येत असेल तर चालणारी एक फाइल. चित्रं व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून टाकतं आणि मेहनतीचा सगळा बारकावा जातो. इंजिनची फाइल पॅकेज करताना, म्हणजे इंजिनशिवाय चालेल अशी बांधताना, शिपिंग बिल्ड (क्लायंटला द्यायची अंतिम आवृत्ती) करा, प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रीरिक्विझिट्स इन्स्टॉलर (चालायला लागणाऱ्या बाकी फाइली टाकणारा) जोडायची खूण करा, आणि अनरिअल कधीच न टाकलेल्या एखाद्या मित्राच्या मशीनवर, नेट बंद करून, एकदा चालवून बघा, कारण सेल्स ऑफिसात नेट असेलच असं नाही.

आणि मुलाखतीला जाताना मूळ प्रोजेक्टसुद्धा बरोबर न्या. चांगले स्टुडिओ समोर बसवतात आणि म्हणतात, ही भिंत सहा इंच आत घे आणि परत दाखव. स्केचअपमध्ये भिंत हलवायची, डेटास्मिथने पुन्हा इम्पोर्ट करायचं, नावं तीच असली तर लावलेली मटेरियल बहुतेक जागच्या जागी राहतात. हे घरी घड्याळ लावून करून बघा, आणि पंधरा मिनिटांत जमायला लागलं की अर्ज पाठवायला सुरुवात करा.